काळी फरशी तिरप्या उजेडात

आज चित्र नाही, शिल्प नाही. आज पाहायचा आहे स्वयंपाकघरातला ओटा. तुमच्याकडे कडप्प्याचा ओटा, कडप्प्याची मांडणी किंवा निदान मोरीत शहाबादी फरशी उरली असेल, तर रेडिओ घेऊन तिथंच जा. नसेल तर शेजारी जा, चहाही मिळेल.

आधी एक घोटाळा निस्तरू. महाराष्ट्रात काळा दगड म्हटला की तो बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला. वेरूळचं कैलास लेणं त्यातच कोरलेलं आहे. कडप्पा आणि शहाबाद मात्र चुनखडक. जुन्या समुद्राच्या तळाशी चुनकट गाळाचे थरावर थर बसले आणि त्यांचा दगड झाला. म्हणून तो थराथरानं सुटतो. खाणीत फटीत पाचर ठोकली की सपाट लादी उचलून येते. बेसाल्टची अशी लादी काढायला जाल तर छिन्न्या बोथट होतील. शहाबाद कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात, सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेवर. कडप्पा त्याच नावाच्या आंध्रातल्या जिल्ह्याकडचा.

आता पाहायला लागू. खोलीतला दिवा मालवा. मोबाइलची बॅटरी लावा आणि ती वरून न धरता लादीवर आडवी टेकवा. उजेड पृष्ठभागाला घासत गेला पाहिजे. दिवसा सपाट वाटणाऱ्या फरशीवर आता उंचसखल लाटा दिसतील. घोटलेली फरशी असेल तर घोटणाऱ्याच्या यंत्राच्या गोल खुणाही दिसतील. लादी न घोटता तशीच बसवलेली असेल, तर तुमच्यासमोर एका थराची वरची बाजू आहे. म्हणजे गाळाचा एक थर बसून झाल्यावर समुद्राचा तळ जसा होता, जवळजवळ तसाच. त्यावर आज डाळ-तांदळाचे डबे आहेत.

दुसरी गोष्ट रंगाची. चुनखडी मुळात पांढरट. तिला काळेपणा येतो तो अगदी बारीक कार्बनमुळे. हवा न पोचणाऱ्या तळाशी सूक्ष्म जीव मरून पडले, पुरते कुजले नाहीत, आणि त्यांचा अंश गाळात राहिला. तो प्रमाणात फार थोडा असतो. मांडणीच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, खिळ्यानं रेघ ओढा. रेघ करडी-पांढरी उमटेल. म्हणजे काळ्या दगडाचा भुगा काळा नाही. खडबडीत पृष्ठभागावरून उजेड चहूकडे विखुरतो आणि दगड राखाडी दिसतो. घोटला की विखुरणं थांबतं, उजेड आत शिरतो आणि काळा रंग वर येतो. आपल्या घरातल्या बायका ओट्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवत, त्यामागे हेच होतं: तेलानं बारीक खड्डे भरायचे. कडप्प्याचा काळेपणा अर्धा खाणीतला, अर्धा हातांचा.

आणि म्हणूनच तो टिकवावा लागतो. ओट्यावर लिंबू पिळलं, चिंचेचं पाणी सांडलं आणि तसंच राहिलं, की दुसऱ्या दिवशी तिथं फिकट, निस्तेज ठिपका पडतो. आम्लानं चुना खाल्लेला असतो. डाग घासून जात नाही, कारण तो डाग नव्हेच, तिथली घोटाई गेलेली असते. ग्रॅनाइटला हे होत नाही, म्हणून ओट्यावर आता ग्रॅनाइट आला. सोय म्हणून ठीक. पण ग्रॅनाइटच्या ठिपक्याठिपक्यांत डोळा कुठं ठरत नाही, असं माझं मत आहे. कडप्प्यावर पितळेचा तांब्या ठेवून पाहा.

आता या दगडाचे परदेशातले भाऊबंद. इंग्लंडमध्ये डरहॅमच्या कॅथीड्रलात तेराव्या शतकातलं नऊ वेद्यांचं दालन आहे. तिथले बारीक खांब फ्रॉस्टर्ली नावाच्या काळ्या चुनखडकाचे. त्या काळ्यात पांढरी प्रवाळं गोल, आडवी, तिरकी कापली गेलेली दिसतात. सॉल्सबरीच्या कॅथीड्रलातले गडद पर्बेक खांब तर गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या शंखांनी गच्च भरलेले. त्यांचं सौंदर्य जिवांच्या गर्दीचं आहे.

आपल्या फरशीत भिंग घेऊन शोधलं तरी एक शंख सापडणार नाही. कडप्पा आणि शहाबाद दोन्ही, शंख-शिंपल्यांचे प्राणी पृथ्वीवर अवतरण्याआधीचे, म्हणजे ५४ कोटी वर्षांहून जुने आहेत. त्या समुद्रात कवच असलेलं कुणी नव्हतंच. कडप्प्याचा तो एकसारखा, निर्मळ काळेपणा हा त्या रिकाम्या समुद्राचा आहे.

हा दगड फक्त फरशीचा, असंही समजू नका. कडप्प्याचे थर ज्या खोऱ्यात साठले, त्याच्या ईशान्य टोकाला पालनाडचा भाग येतो. तिथला फिकट हिरवट-करडा चुनखडक आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाला लागला. गर्दीनं भरलेली ती बारीक शिल्पं आज चेन्नईच्या एगमोर संग्रहालयात आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मऊ, बारीक दाण्याच्या दगडात बोटाएवढ्या माणसाचा चेहराही कोरता येतो. बेसाल्टवर काम करणाऱ्याला ही चैन मिळत नाही.

शेवटी, दुकानात गेलात तर काय पाहाल? लादी उभी करून बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत वाजली तर आत चीर नाही, बद्द वाजली तर सोडून द्या. मग ओल्या फडक्यानं पुसा, म्हणजे घोटल्यावर कशी दिसेल ते कळेल. एखादीत पांढरी रेघ निघेल. दगडाला कधीकाळी तडा गेला, त्यात पाणी शिरलं आणि पाण्यानं आणलेल्या चुन्याचे स्फटिक तिथं भरले, ती ही रेघ. ओट्याला असली लादी घेऊ नका, वजन पडलं की नेमकी तिथं तुटते. पण देवघराच्या पाठीला, दारावरच्या पाटीला, जिथं भार नाही तिथं मी तीच निवडीन. दुकानदार तिला खोडीचा माल म्हणून बाजूला ठेवतो, तेव्हा भावही कमी करून घ्या.