कळवू, असे ते म्हणाले

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयटीआय, पदविका आणि पदवी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचा आता सत्कार झाला. संयोजकांनी आम्हाला 'यशस्वी मुलाखत कशी द्यावी' हा विषय दिला होता. आम्ही तो बदलून मागितला. फसलेल्या मुलाखतीवर बोलतो, असे कळवले. संयोजक जरा नाराज झाले, पण त्यांनी परवानगी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार.

आम्ही म्हणजे दोघेजण. एक पेणचा, एक रोह्याचा. आज येथे एकच उभा आहे, दुसरा समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. पण बोलणे दोघांचे आहे आणि दोघांनी बसून ठरवलेले आहे.

1994 सालची गोष्ट. आम्ही दोघांनी इन्स्ट्रुमेंटेशनची पदविका मिळवली होती. कारखान्यात उष्णता, दाब, पातळी, प्रवाह मोजणारी आणि त्यावर ताबा ठेवणारी जी यंत्रे असतात, त्यांचे हे शास्त्र. त्या काळी रासायनिक कारखान्यांतून हवेच्या दाबावर चालणारी जुनी नियंत्रणे जाऊन संगणकावर चालणारी येऊ लागली होती. या विद्येला आता मागणी येणार, असे सगळे म्हणत. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून आम्हा दोघांनाही मुलाखतीचे पत्र आले. कारखान्याचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.

जुलै महिना होता. आमचा पेणकर सकाळच्या एस.टी.ने निघाला. वडखळ, नागोठणे करीत गाडी भिसे खिंडीत आली आणि पावसात मुंगीच्या पावलाने चढू लागली. प्रमाणपत्रे खताच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती. रोहेकर स्टँडवर वाट पाहत होता. तिथून धाटावला पोहोचलो तेव्हा दहा वाजायचे होते. वसाहतीचा वास नाकात बसला. तो वास आम्हाला त्या दिवशी चांगला वाटला, हे आज सांगायला संकोच वाटतो. ज्या कुंडलिकेच्या पाण्याबद्दल गावे तक्रार करीत होती, त्या वासात आम्ही पगार हुंगत होतो.

बाहेरच्या बाकावर आम्ही साडेतीन वाजेपर्यंत बसलो. आमच्याबरोबर आणखी एक मुलगा होता. स्वभावाने मोकळा. त्याने स्वतःच्या डब्यातली पोळी आम्हाला दिली, हेही सांगितले पाहिजे.

आधी रोहेकराला बोलावले. आत टेबलामागे चौघे. त्यांपैकी एक प्लांटचे इंजिनिअर असावेत. त्यांनी विचारले, "एअर टू ओपन व्हॉल्व्ह म्हणजे काय?" हा प्रश्न परीक्षेत आलेला. रोहेकराने घडाघडा सांगितले : हवा दिली की उघडतो, हवा गेली की स्प्रिंगच्या जोराने मिटतो, तो एअर टू ओपन. मग दुसरा प्रश्न आला. "समजा कॉम्प्रेसर बंद पडला, हवा गेली. रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटला थंड पाणी देणारा व्हॉल्व्ह उघडा राहायला हवा की बंद?"

रोहेकर म्हणाला, "बंद."

"का?"

"बिघाड झाला म्हणजे सगळं बंद व्हायला पाहिजे."

"आणि आतली रिअ‍ॅक्शन? ती कोण बंद करणार?"

याचे उत्तर आले नाही. मित्रांनो, उत्तर साधे आहे. ज्या रिअ‍ॅक्टरमध्ये रसायन आपोआप तापत जाते, त्याचे थंड पाणी कधीही तुटता कामा नये, म्हणून तो व्हॉल्व्ह हवा गेल्यावर उघडा पडणारा हवा. वाफेचा मात्र मिटणारा हवा. तीन वर्षांत आम्ही व्याख्या पाठ केली होती, खरा व्हॉल्व्ह हातात घेतला नव्हता. आमच्या प्रयोगशाळेत एक होता, तो कपाटात.

तो प्रश्न आम्हाला अडकवण्यासाठी होता असे आम्ही पुढे बरीच वर्षे म्हणत आलो. तसे नव्हते. त्याच्या चारच वर्षे आधी, नोव्हेंबर 1990 मध्ये, येथून जवळच नागोठण्याच्या गॅस क्रॅकर प्रकल्पात वायुगळती होऊन स्फोट झाला होता आणि अनेक माणसे गेली होती. पेण आणि रोहा यांच्या मध्येच ते ठिकाण आहे. त्या इंजिनिअरने असा प्रश्न विचारणे हे त्याचे कर्तव्य होते.

यानंतर त्याला वडिलांबद्दल विचारले. रोहेकर म्हणाला, "शेती करतात." वडील दुसऱ्याच्या खाचरात अर्धेलीने राबत होते. स्वतःच्या मालकीचे एक गुंठा नव्हते. कोणी जबरदस्ती केली नव्हती. तोंडातून निघून गेले.

मग पेणकर आत गेला. त्याला विचारले, यंत्राकडून येणारा विजेचा संकेत 4 ते 20 मिलिअँपिअर का असतो, शून्यापासून का नाही? त्याने सांगितले, मोजमाप सर्वांत कमी असले तरी तारेत चार असतात. शून्य आले तर समजावे की तार तुटली. शून्यापासून सुरुवात केली असती तर टाकी रिकामी आहे की तार तुटली आहे, हे कळलेच नसते. "करेक्ट," असे इंजिनिअर म्हणाले. आणखी दोन प्रश्न झाले, दोन्ही बरोबर आले. त्यानंतर टोकाला बसलेले, तोवर गप्प असलेले गृहस्थ बोलू लागले.

"आडनाव जरा परत सांगा. मूळचे पेणचेच का?"

"होय."

"पेणमध्ये कुठं?"

पेणकराने वाडीचे नाव सांगितले. ज्याला पेण माहीत आहे त्याला त्या नावावरून सगळे कळते.

"वडील काय करतात?"

"मुंबईला गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर गावी असतात."

त्या गृहस्थांनी समोरचा अर्ज उलटा करून ठेवला. इंजिनिअर आणखी काही विचारणार होते, त्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि थांबले. "ठीक आहे, कळवू," असे ते म्हणाले.

दोन महिने आम्ही पोस्टमनची वाट पाहिली. काही कळवले गेले नाही.

घरी आणि वाडीत आम्ही काय सांगितले? दोघांनी एकच सांगितले : जात विचारली आणि काढून टाकले. पेणकराच्या बाबतीत आम्ही ते आजही तसेच मानतो. रोहेकराच्या बाबतीत मात्र आम्हाला तसे म्हणता येत नाही, कारण तो त्याच्या आधीच पडला होता. पण एकाची हकिगत आम्ही दोघांनी वाटून घेतली. त्यात रोहेकराची लाज झाकली गेली आणि पेणकराने मैत्रीखातर ती झाकू दिली.

याचा परिणाम पुढे दिसला. रोहेकराच्या वाडीत आमच्या मागून पदविका झालेला एक मुलगा होता. आमच्या दोघांपेक्षा हुशार. धाटावच्या दुसऱ्या एका कारखान्याची जाहिरात आली तेव्हा त्याच्या आईने त्याला अर्ज करू दिला नाही. "त्या दोघांचं काय झालं बघितलंस ना? अपमान करून घ्यायला जायचं का?" असे ती माउली म्हणाली. तो मुंबईला गेला, एका दुकानात लागला आणि पुन्हा या विद्येकडे वळला नाही. त्या घरासमोरून जाताना आमची मान वर होत नाही.

आता आमच्याबरोबर बाकावर बसलेल्या तिसऱ्या मुलाविषयी. नोकरी त्याला मिळाली. वर्षभराने तो कोलाडच्या नाक्यावर भेटला. त्याचे गुण आमच्यापेक्षा कमी होते. आम्ही खोचकपणे विचारले, तुला काय विचारलं रे? तो सरळ म्हणाला, तोच व्हॉल्व्हचा प्रश्न. आणि त्याचे उत्तर बरोबर आले होते. कसे? त्याचे मामा त्याच वसाहतीत नोकरीला होते. त्यांनी आदल्या रविवारी त्याला प्लांट हिंडून दाखवला होता आणि प्रत्येक व्हॉल्व्हपाशी उभे राहून, हवा गेली तर याचे काय होईल, असे विचारले होते.

आमच्या सबंध वाडीत कारखान्याच्या फाटकाच्या आत गेलेले माणूस म्हणजे साफसफाईच्या ठेक्यावरचे. आमचे मामा आम्हाला काय दाखवणार होते?

बाबासाहेबांचा बडोद्याचा अनुभव आपण सर्व जाणतो. बडोदा सोडून मुंबईला आल्यावर त्यांनी गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता आणि जात कळल्यावर गिऱ्हाइके येईनाशी झाली, हे मात्र कमी सांगितले जाते. विद्या कोलंबिया विद्यापीठाची होती.

हा जुना काळ झाला असे कोणी म्हणेल, म्हणून 2007 सालच्या एका अभ्यासाचा उल्लेख करतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष राहिलेले डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या 548 जाहिरातींना 4808 अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण तेच, अनुभव तोच, नावे तेवढी वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश भरली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक-तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले की बहुतेक जण उमेदवाराला घरच्या पार्श्वभूमीविषयी विचारतात आणि त्यात काही गैर आहे असे त्यांना वाटत नाही. म्हणजे टोकाला बसलेले ते गृहस्थ एकटे नव्हते.

राखीव जागांचे म्हणाल, तर त्या सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रात. महाराष्ट्राने बौद्धांना सवलती 1960 पासून दिल्या, केंद्राच्या नोकरीत त्या मिळायला 1990 उजाडले. आणि तेव्हापासून सार्वजनिक क्षेत्रच आटत गेले. नागोठण्याचा तोच प्रकल्प आय.पी.सी.एल.चा, म्हणजे सरकारी कंपनीचा होता. 2002 साली तिची सूत्रे खासगी हाती गेली. पेण-रोह्याच्या मुलाने तंत्रज्ञानाची नोकरी जवळपास शोधायची तर बहुतेक खासगी फाटकापाशीच उभे राहावे लागते.

आमचे पुढे काय झाले ते थोडक्यात. रोहेकराने 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एका सार्वजनिक कारखान्यात उमेदवारी केली. तिथे त्याने पहिल्या आठवड्यात जो व्हॉल्व्ह खोलला तो थंड पाण्याचा निघाला! पेणकराने आणखी अकरा मुलाखती दिल्या. बाराव्या ठिकाणी लागला. तिथेही वडिलांविषयी विचारले गेले. त्याने तेच उत्तर दिले.

मुलांनो, वडिलांविषयी विचारतील. जे आहे ते एका वाक्यात सांगा आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहा. रोहेकराचे वडील आता हयात नाहीत. "शेती करतात" या दोन शब्दांचे त्याला अजून वाईट वाटते. आणि मुलाखतीहून परत आल्यावर काय विचारले, काय उत्तर दिले, ते त्याच रात्री वहीत लिहा. न आलेला प्रश्नही लिहा. ती वही संस्थेत आणून द्या. ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला त्याच्या बाजूने संस्थेला उभे राहायचे तर आमच्यासारखी मिसळलेली हकिगत कामाची नाही. तुमच्या मागून जाणाऱ्याच्या हातात ती वही असेल.

संस्थेपुढे आमची एक मागणी आहे. आपल्यातले बरेच जण आता धाटाव, पाताळगंगा, तळोजे येथील कारखान्यांत आत काम करतात, काही चांगल्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार विहारात द्यावा. भाषण करू नये, भाषणे आपल्याकडे पुष्कळ होतात, हेही त्यातलेच एक. मुलांना टेबलापलीकडे बसवून प्रश्न विचारावेत, आणि जमेल तेव्हा परवानगी काढून कारखाना हिंडून दाखवावा. त्या मुलाचा मामा त्याच्यासाठी जे करीत होता, तेवढेच.

सुरुवात म्हणून आम्ही दोघांनी धाटावच्या एका भंगारवाल्याकडून एक जुना कंट्रोल व्हॉल्व्ह विकत घेतला आहे. डायफ्रॅम नवा बसवला, स्प्रिंग साफ केली. सायकलच्या पंपाने हवा भरली की दांडा वर सरकताना दिसतो, हवा सोडली की खाली येतो. आज तो विहाराच्या मागच्या खोलीत ठेवला आहे. चहापाणी झाल्यावर मुलामुलींनी तिकडे यावे, पंप आमच्याकडे आहे. व्हॉल्व्ह जड आहे, हलवायचा असल्यास दोघांनी धरावा.

जय भीम.