दगडफुलाचा काय उपयोग?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी आपल्यापैकीच कोणीतरी चार शब्द बोलायचे, अशी आपली प्रथा आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली आणि कार्यवाहबाईंनी विषय दिला, 'विद्वानांची नाना तऱ्हेची संशोधने'. विषय ऐकूनच माझे हातपाय गळाले. तीस वर्षे प्राथमिक शाळेत पाढे शिकवणारी मी. संशोधनावर काय बोलणार? पण नाही म्हणवेना. गेल्या महिन्यात शिक्षण-निधीच्या बैठकीत जे घडले त्याचा या विषयाशी अगदी जवळचा संबंध आहे, आणि त्यात माझाही दोष आहे. तेव्हा आधी तेच सांगून टाकते.

निधीतून दरवर्षी एका मुलीला आपण मदत देतो. यंदा अर्ज आले तीन. एक परिचारिकेच्या अभ्यासक्रमासाठी, एक हिशेबनिसाच्या परीक्षेसाठी आणि तिसरा आपल्याच आळीतल्या एका मुलीचा. ती एम.एस्सी. झाली आहे आणि तिला पीएच.डी. साठी दगडफुलाचा अभ्यास करायचा आहे. 'दगडफूल' हा शब्द वाचला मात्र, बैठकीत हशा पिकला. "गोड्या मसाल्यात घालण्यापलीकडे त्याचा काय उपयोग, बाई?" असे कोणीतरी म्हणाले. ते म्हणणारी मी नव्हते, पण हसणाऱ्यांत मी होते. आणि ती मुलगी बाहेर ओटीवर बसली होती, हे निघताना चपला शोधू लागलो तेव्हा आमच्या लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. मला वाटले, रागावून बोलेल. तिने विचारले, "काकू, तुमच्या मसाल्याच्या डब्यात दगडफूल आहे का?" मी वाटीभर काढून दिले. तिने ते वर्तमानपत्रावर पसरले, पिशवीतून एक लहान भिंग काढले आणि निवडत बसली. आपण तांदूळ निवडतो तसे. थोड्या वेळाने तीन ढिगाऱ्या करून म्हणाली, "ही तीन वेगवेगळी आहेत. वाणी एकाच नावाने विकतो." चाळीस वर्षे मी ते तेलात परतते आहे. कधी निरखून पाहिले नव्हते.

मग तिने सांगितले ते तुम्हांलाही सांगते. दगडफूल हे फूल नव्हेच. बुरशी आणि शेवाळ या दोन अगदी परक्या जीवांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. १८६७ साली श्वेन्डेनेर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने ही गोष्ट प्रथम मांडली, तेव्हा त्या विषयातल्या मोठमोठ्या पंडितांनी त्याची टर उडवली होती. (म्हणजे हसण्यात आमची कमिटी एकटी नाही.) त्याला मुळे नसतात, पाणी आणि क्षार ते बरेचसे हवेतूनच घेते. म्हणून गंधकाच्या धुराने हवा बिघडली की त्याच्या पुष्कळ जाती तिथून नाहीशा होतात, आणि हवा कशी आहे याचा अंदाज झाडांच्या खोडांवरून बांधता येतो. ते वाढते मात्र फार सावकाश, वर्षाला काही मिलिमीटर. बाजारासाठी झाडाचे खोड खरवडून काढले तर ते पुन्हा भरायला किती वर्षे लागत असतील, याचा हिशेब तुम्हीच करा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या विषयावर मोठे काम झाले आहे, हेही मला त्याच दिवशी कळले.

ती गेल्यावर मला भागवतांच्या घरातल्या दोघी बहिणी आठवल्या. थोरल्या दुर्गाबाई भागवत. त्यांचे 'ऋतुचक्र' आपल्या वाचनालयात आहे आणि त्याची पाने सुटी झाली आहेत, इतके ते वाचले जाते. धाकट्या कमलाबाई, लग्नानंतरच्या सोहोनी. त्यांचे नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्या जणींना माहीत असेल. एकाच घरात वाढलेल्या या मुली. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले. धाकटी त्या वाटेने गेली. थोरली गेली ती अगदी निराळ्या वाटेने, बौद्ध धर्मशास्त्र आणि लोकसाहित्याकडे.

कमलाबाईंची गोष्ट आधी सांगते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन, नोबेल पारितोषिकाचे मानकरी. त्यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. कमलाबाई घरी रडत बसल्या नाहीत. बंगळूरला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण मागितले. अखेर प्रवेश मिळाला तो अटी घालून. पहिले वर्ष परीक्षेचे, संचालकांचे समाधान झाल्याशिवाय कामाला मान्यता नाही, आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतल्या इतरांचे लक्ष विचलित होता कामा नये! वर्षभराने संचालकांचे समाधान झाले आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. रामन यांच्या विद्वत्तेबद्दल कोणाला शंका नाही, त्यांनाही नव्हती. पण एवढा थोर मनुष्य या बाबतीत किती कोता होता, ही खंत कमलाबाईंनी उतारवयातही बोलून दाखवली.

आणि त्यांनी संशोधन कशावर केले? दूध आणि डाळी यांतल्या प्रथिनांवर. पुढे केंब्रिजला गेल्या तेव्हा बटाट्यावर. आपल्या शरीरातल्या पेशी श्वसनासाठी सायटोक्रोम-सी नावाचे जे द्रव्य वापरतात तेच वनस्पतीतही असते, हे त्यांनी दाखवले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. प्रबंध होता चाळीसेक पानांचा. आपल्या वार्षिक अहवालाहून थोडा मोठा! मुंबईत परतल्यावर त्यांनी नीरेचा अभ्यास केला आणि ती कुपोषित आदिवासी मुलामुलींना व गर्भवतींना दिली असता त्यांची प्रकृती सुधारते, हे दाखवून दिले. पुढच्या आयुष्यात १९६६ साली स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या कामात त्या पडल्या आणि ग्राहकांना सावध करणारे लेख लिहू लागल्या. डाळ, बटाटा, नीरा. यातले काहीही वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येण्यासारखे नाही.

दुर्गाबाईंचे पाहा. १९३९ सालीच त्यांचे प्राचीन बौद्ध न्यायशास्त्रावरचे पुस्तक इंग्रजीत निघाले. त्या काळी एका तरुण मुलीने भिक्षुसंघाचे कायदे अभ्यासावे, याला शेजारपाजारचे काय म्हणाले असतील? पुढे त्या मध्य प्रांतात गोंडांमध्ये हिंडल्या, गाणी आणि कथा गोळा केल्या. त्या भटकंतीत विषबाधा झाली आणि कित्येक वर्षे अंथरूण धरावे लागले. बरे झाल्यावर पुन्हा तेच काम. १९५६ साली 'लोकसाहित्याची रूपरेखा' आली. उखाणे, व्रतकथा, कहाण्या, म्हणजे आपण ज्यांना बायकांच्या गप्पा म्हणून सोडून देतो, त्यांवर इतक्या गांभीर्याने मराठीत फार थोड्यांनी लिहिले होते. मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयातले त्यांचे बसणे तर सर्वश्रुतच होते. आणि याच बाईंनी 'खमंग' हे पाककृतींचे पुस्तकही लिहिले, हे आपल्या मंडळाने विसरू नये.

एक बहीण परीक्षानळीपाशी, दुसरी पोथ्यांपाशी. एकीचे काम दुसरीला कितपत कळत असेल, कोण जाणे. पण दोघींची सवय एकच: सगळ्यांना माहीत आहे असे जे समजले जाते, ते जाऊन पडताळून पाहायचे.

आता एका पुरुषाचे उदाहरण, नाहीतर अध्यक्षबाई म्हणतील की मी पक्षपात केला. दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गोव्याचे, व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक. पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनने जात आणि प्रवासात वाचन-लेखन करीत. यांनी काय केले, तर जुनी नाणी तागडीत घातली. एकदोन नव्हे, हजारो. आजीच्या पाटल्या सोनाराकडे नेल्या की तो म्हणतो ना, "वजन कमी भरले, झिजल्या आहेत"? तोच प्रकार. नाणे जितके हातोहात फिरते तितके ते झिजते, आणि सारखी झिजत नाहीत म्हणून त्यांच्या वजनांत फरकही वाढत जातो. या दोन गोष्टींवरून कोणती नाणी अधिक काळ चलनात होती हे गणिताने सांगता येते. राजाचे नाव नसलेल्या नाण्यांचा क्रम त्यांनी असा लावून पाहिला. त्याच माणसाने १९४४ साली गुणसूत्रावर जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत हे मोजण्याचे सूत्र दिले. शास्त्रज्ञ ते आजही त्यांच्या नावाने वापरतात. आणि १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. गणित, नाणी, जनुके, संस्कृत! आपल्या कमिटीपुढे यांचा अर्ज आला असता तर आपण म्हटले असते, "आधी एक काय ते ठरवा."

आणखी एकच गोष्ट सांगते. ती आपल्या सासवा-आजेसासवांची आहे. १९८० नंतरच्या काळात हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी मावळ-मुळशीच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायला आरंभ केला. गिरण्या आल्या होत्या, जाती कोपऱ्यात पडली होती. दळणाऱ्या बायकांनाच वाटे, यात काय आहे लिहून घेण्यासारखे? आज त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. पुढे बर्नार्ड बेल नावाचे फ्रेंच संगणकतज्ज्ञ येऊन मिळाले आणि त्यांनी त्या ओव्या संगणकात लावून दिल्या. जाते कुठे आणि संगणक कुठे! माझ्या सासूबाईंना दोनअडीचशे ओव्या येत असत. मी त्यांतली एकही लिहून ठेवली नाही. त्याला आता अकरा वर्षे झाली.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल की परिचारिकेचा अर्ज मागे सारून दगडफुलाला पैसे द्या, असे ही बाई सुचवते आहे. मुळीच नाही. परिचारिका व्हायला निघालेल्या मुलीचे वडील नाहीत, तिला मदत मिळालीच पाहिजे, आणि निधी एकीलाच पुरेल एवढा आहे, हेही मला ठाऊक आहे. हिशेबनिसाच्या परीक्षेची फी त्या मुलीच्या मामांनी भरल्याचे परवाच कळले. तो प्रश्न मिटला. उरली ही एक. तिने मागितले आहे ते तरी किती? घाटातल्या झाडांपर्यंत जाण्यायेण्याचे एस.टी.चे भाडे आणि पहिल्या वर्षाचे शुल्क. एवढे आपल्या हळदीकुंकवाच्या वाणाच्या खर्चातून निघू शकेल. यंदा वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटले नाहीत, तर कोणाच्या स्वयंपाकघरात अडेल असे मला वाटत नाही.

तसा ठराव मी लिहून कार्यवाहबाईंकडे दिला आहे. येत्या शनिवारी साडेचार वाजता तो सभेपुढे येईल. ज्यांना विरोध करावयाचा आहे त्यांनी जरूर यावे आणि मोकळेपणाने बोलावे. मुलीला मी आत बोलावणार आहे, ओटीवर बसवणार नाही. तिचे भिंग सध्या माझ्याकडेच आहे. तोवर कोणाला आपल्या डब्यातले दगडफूल पाहायचे असेल तर दुपारी तीननंतर मी घरी असते.