नदीपलीकडचं कॉलेज



माजी विद्यार्थ्यांचा मेळावा म्हटला की काय काय होतं, हे आपल्याला तोंडपाठ आहे. हयात असलेल्या सरांना शाल-श्रीफळ, गेलेल्यांसाठी दोन मिनिटं उभं राहणं, मग जेवण, आणि निघताना दरवर्षी भेटायचं ठरवणं. वर्षभर मग कुणाच्या नातवाचं बारसं, कुणाची शस्त्रक्रिया, कुणाला भावपूर्ण श्रद्धांजली अशा बातम्या एकमेकांना पोचत राहतात. यात वाईट काही नाही. पण आज ज्या माजी विद्यार्थ्यांविषयी बोलायचं आहे, ते आपल्या कॉलेजसाठी कोर्टाची पायरी चढले, तेही सरकारविरुद्ध.

कॉलेज पुण्याचं, डेक्कन कॉलेज. त्याचं मूळ १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेत आहे. पेशवाईत विद्वानांना दक्षिणा वाटली जाई; त्या दक्षिणा फंडातला पैसा मुंबईचा इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टन याने पाठशाळेकडे वळवला. पुढे तिचं पूना कॉलेज झालं आणि १८६४ साली डेक्कन कॉलेज. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून येरवड्याला दगडी इमारत उभी राहिली आणि १८६८ साली कॉलेज तिथे गेलं. हे लाख रुपये ध्यानात ठेवा, पुढे ते कामाला येणार आहेत.

येरवडा तेव्हा शहराबाहेर, नदीच्या पलीकडे. मुलं मोजकी, त्यातली बरीचशी वसतिगृहात राहणारी. दिवसभर वर्गात आणि रात्री एकमेकांच्या खोलीत, अशी सोबत असली की मैत्रीही घट्ट होते आणि भांडणही. पहिल्या वर्षी अभ्यास बाजूला ठेवून तालीम आणि पोहणं यांतच रमलेले आणि त्यापायी परीक्षेत नापास झालेले बळवंतराव टिळक इथलेच. त्यांची खोली कॉलेजने आजही जपून ठेवली आहे. नेसूचं धड नसताना शिकणारे, आणि मोठ्या पगाराची आशा धरू नकोस असं आईला पत्रातून कळवणारे गोपाळराव आगरकरही इथलेच. आपण शाळा काढायची, सरकारी नोकरी धरायची नाही, हा बेत या दोघांनी इथेच केला. त्यांच्या आधी इथून बाहेर पडलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर त्यांना येऊन मिळाले आणि १८८०च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं.

आता या मंडळींच्या पुढच्या बातम्या पाहा. १८८२च्या मार्चमध्ये विष्णुशास्त्री गेले, वय अवघं ३१. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’चं संपादकपद सोडलं, पुढच्या वर्षी स्वतःचा ‘सुधारक’ काढला. १८९० साली टिळक त्यांची शाळा चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. दोन वर्तमानपत्रांतून दोघांनी एकमेकांवर जे लिहिलं, ते आज वाचतानाही अंगावर येतं. आणि १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले, तेव्हा ‘केसरी’त त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. कॉलेजातल्या सोबत्यावर चार गोड शब्द कुणीही लिहील. ज्याच्याशी सात-आठ वर्षं भर चौकात भांडण चाललं, त्याच्यावर लिहिणं किती अवघड! मला विचाराल तर माजी विद्यार्थ्याने लिहिलेल्या आठवणींत त्या लेखाचा मान फार वरचा आहे.

यात एक गंमत आहे. थट्टाही म्हणा हवं तर. येरवड्याच्या या विद्यार्थ्यांनी १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज काढलं. म्हणजे आपल्याच कॉलेजला तोडीस तोड दुसरं कॉलेज त्यांनी नदीच्या अलीकडे उभं केलं. जुनं कॉलेज सरकारी आणि लांबचं. इतिहासाचार्य राजवाड्यांसारखे विद्यार्थी त्यानंतरही तिथून निघाले, रामकृष्णपंत भांडारकरांसारखे अध्यापक तिथे होते. पण १९३४ साली सरकारने ते बंद केलं.

इथे माजी विद्यार्थ्यांचा संघ पुढे आला. निषेधाचा ठराव करून, हळहळ व्यक्त करून ही माणसं घरी गेली असती तर कुणी त्यांना नावं ठेवली नसती. त्यांनी जमशेटजींच्या देणगीचा मुद्दा हाती घेतला आणि ते सरकारविरुद्ध कोर्टात गेले. दात्याने पैसा कॉलेजसाठी दिला आहे. कॉलेज मोडून तो दुसरीकडे कसा लावणार? पाच वर्षं गेली. अखेर सरकारला मागे यावं लागलं आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी त्याच दगडी इमारतीत पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून डेक्कन कॉलेज पुन्हा उघडलं. जुनं कॉलेज जसंच्या तसं परत आलं नाही, हे खरं. पण जे आलं ते काही कमी मोलाचं नव्हतं.

१९३९ सालीच तिथे इरावती कर्वे आल्या आणि पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियाही आले. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाईंनी इथे समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्राची घडी बसवली. सांकलियांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जोर्वे, नेवासे, इनामगाव अशी गावं खणली. महाराष्ट्राच्या मातीत तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेती करणारी माणसं कशी राहत, काय खात, मेलेल्यांना कुठे पुरत, हे त्या खड्ड्यांतून कळलं. १९४८ साली संस्थेतल्याच डॉ. कत्रे यांनी संस्कृतचा प्रचंड कोश हाती घेतला. त्याचा पहिला भाग छापून यायला १९७६ साल उजाडलं, आणि ते काम अजून चालूच आहे. कोर्टात गेलेल्या त्या माणसांना यातलं काहीही दिसत नव्हतं. त्यांना फक्त आपलं कॉलेज हवं होतं.

आपलं कॉलेज कदाचित तालुक्याच्या गावचं असेल, दोन-चारशे मुलांचं, कुणा दानशूर व्यापाऱ्याच्या नाहीतर गावकऱ्यांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं. मग एक काम करा. जमीन कुणी दिली, पैसा कुणी आणि कोणत्या अटीवर दिला, ते कागद आज कुणाच्या कपाटात आहेत याची चौकशी करा आणि त्यांच्या प्रती काढून ठेवा. माळ्यावर कॉलेजचे जुने वार्षिक अंक असतील, तर रद्दीवाल्याला देण्याआधी कॉलेजच्या ग्रंथपालांना एक फोन करा.