बोरेगोच्या वाळवंटातला वसंत



साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं येणार, हे दरवर्षी ठरलेलं असतं. कारण तिथला पाऊस ठरलेला असतो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या आन्झा-बोरेगो या वाळवंटी उद्यानात तशी खात्री नाही. सहा लाख एकरांच्या या मुलखात वर्षाकाठी पाऊस जेमतेम पाच-सहा इंच, तोही लहरी. तरी २०१७ किंवा २०१९ सारख्या एखाद्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथली वाळू जांभळ्या-पिवळ्या फुलांनी झाकून जाते.

या फुलांचं बी वर्षानुवर्षं वाळूत पडून असतं. अनेक जातींच्या बियांत उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात. ती शिंतोड्यांनी जात नाहीत, जमीन नीट भिजवणारा पाऊस झाला तरच धुऊन निघतात. पण मला खरं थक्क करतं ते पुढचं. चांगला पाऊस झाला तरी सगळं बी उगवत नाही. दुबार पेरणीचा फटका सोसलेला शेतकरी जसं थोडं बियाणं कणगीत राखून ठेवतो, तसं काही बी पुढच्या वर्षांसाठी मागे राहतं.

म्हणून म्हणतो, फक्त गाजलेल्या वर्षांची वाट पाहू नका. साध्या वसंतातही पहाटे निघा. दरीच्या तळाशी, वाळूत, रात्री उमललेली ईव्हनिंग प्रिमरोजची पांढरी फुलं अजून मिटलेली नसतात. रात्री त्यांवर मोठे पतंग येतात; त्या पतंगांच्या जाडजूड अळ्या हीच रोपं फस्त करतात. आणि त्या अळ्यांवर ताव मारायला स्वेन्सन्स हॉक हे शिकारी पक्षी उतरतात, अर्जेंटिनाकडून उत्तरेला परतताना! एका फुलाच्या मुळाशी बसलं, तर दोन खंडांचा प्रवास नजरेपुढे येतो.

मग बोरेगो पाम कॅन्यनची वाट धरा. जाऊन-येऊन साधारण तीन मैल. ओकोटिओ या झुडपाच्या काटेरी काठ्यांना पावसानंतर काही दिवसांतच पालवी फुटते आणि पाणी आटलं की ती झडते. त्यांच्या शेंड्यांवरच्या लाल झुबक्यांभोवती हमिंगबर्ड असतात. खडकांवर चकवाला सरडा दिसेल. तो फुलंही खातो. वर कड्यावर नजर ठेवा, वळलेल्या शिंगांच्या रानमेंढ्या तिथं असतात. इथली ही जमात १९९८ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे.

फुलांत शिरून फोटो काढू नका. पायाखाली केवळ रोप जात नाही, त्याचं अजून न धरलेलं बीही जातं. शिवाय दुसरा शत्रू आहेच, सहारा मोहरी. ही परकी मोहरी थोड्याशा पावसावर आधी उगवते, पाणी पिऊन टाकते आणि देशी रोपांवर सावली धरते. स्वयंसेवक ती हातानं उपटतात. तसा गट दिसला, तर कुठली रोपं उपटायची ते त्यांना विचारून घ्या आणि तासभर त्यांच्यासोबत वाकून काम करा.