दवाखाना आहे, वाट नाही
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



युद्ध म्हटले की तोफा आणि विमाने डोळ्यांपुढे येतात. परंतु युद्धात माणसे केवळ गोळीने मरत नाहीत. बरे होण्याजोग्या दुखण्यानेही मरतात. येमेनचेच पाहा. हा देश आपल्याला अगदीच परका नाही. त्याचे एडन बंदर 1839 पासून 1932 पर्यंत मुंबई इलाख्यात मोडत होते.

2014 साली हूथींनी राजधानी सना घेतली आणि मार्च 2015 मध्ये सौदी अरेबियाच्या पुढाकाराने हवाई हल्ले सुरू झाले. रुग्णालयेही सुटली नाहीत. 15 ऑगस्ट 2016 रोजी अब्स येथील रुग्णालयावर बॉम्ब पडून 19 जण ठार झाले. तेव्हा तेथे मदत करणाऱ्या 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने उत्तरेकडील सहा रुग्णालयांतून आपली माणसे काढून घेतली. बॉम्ब एका ठिकाणी पडला; झळ सहा ठिकाणच्या रोग्यांना बसली.

तरीही, इमारत उभी असून आत कोणी नसणे मला अधिक वाईट वाटते. त्याच वर्षी मध्यवर्ती बँक सनाहून एडनला हलवली गेली आणि सरकारी नोकरांचे पगार थकले. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार, साऱ्यांचेच. 2017 मध्ये कॉलऱ्याची साथ भडकली. वर्षअखेर संशयित रुग्ण दहा लाखांवर गेले. दोन हजारांहून अधिक दगावले. मुलांनो, कॉलऱ्यावरचा उपाय तुम्ही शाळेतच शिकता: मीठ-साखरेचे पाणी, आणि रोगी फारच खालावला तर सलाइन. वेळेवर मिळाले तर बहुतेक रोगी वाचतात. पण वेळेवर मिळायचे कसे?

ताइझ शहर आणि त्यालगतचा हौबान भाग यांच्यामधून लढाईची सीमा गेली. पूर्वी पंधरा-वीस मिनिटांची वाट. ती बंद झाल्यावर डोंगरातून वळसा घेत पाच-सहा तास लागू लागले. इंधन महाग, वाटेत चौक्या. कळा सुरू झालेल्या बाईने तो घाट कसा उतरावा? हा रस्ता जून 2024 मध्ये उघडला. सनाचा विमानतळही ऑगस्ट 2016 पासून मे 2022 पर्यंत प्रवासी विमानांना बंद होता. उपचारासाठी परदेशी जाऊ पाहणारा कर्करोगी मग एडनपर्यंत रस्त्याने खडखडत जाई, तेही पैसे असले तर.

आता माता-भगिनींसाठी एक गोष्ट. मुलीला नर्सिंगला घालावे की नाही, असे विचारायला पालक माझ्याकडे येतात. रात्रपाळीची त्यांना चिंता वाटते. ती मला समजते. पण येमेनच्या खेड्यांत बायका पुरुष डॉक्टरपुढे जायला संकोचतात, आणि हूथींच्या ताब्यातील भागात बाईने प्रवासाला निघताना महरम सोबत असावा, असे निर्बंध लादले गेले. म्हणजे दूरच्या खेड्यात अडलेल्या बाळंतिणीसाठी नुसती सुईण मोकळी असून भागत नाही. तिचा भाऊही त्या घटकेला मोकळा असावा लागतो.