तबकडीमागचे हात



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनसवर बोलणार, कंत्राटी पद्धतीवर बोलणार, असे आपण धरूनच चालता. आज आम्ही विलायतेतल्या एका गाणाऱ्या-वाजविणाऱ्या चौकडीविषयी बोलणार आहोत. त्या चौकडीचे नाव बीटल्स. आमचे शिक्षण बेताचे आणि संगीतात तर आमची गती शून्यच. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. तो निघाला गाण्यावरून तरी जाऊन पोहोचतो मजुरीपाशी, हे शेवटी आपल्या ध्यानात येईल.

लिव्हरपूल गावच्या या चार तरुणांची पहिली तबकडी १९६२ च्या ऑक्टोबरात निघाली आणि १९७० मध्ये ते विभक्त झाले. म्हणजे उणीपुरी आठ वर्षांची कारकीर्द. पुढे अर्धशतक उलटले, चौघांतले दोघे निवर्तले, आणि तरीही त्यांचा ‘नवा’ माल बाजारात येतच राहिला. २०१७ मध्ये ‘सार्जंट पेपर’, २०१८ मध्ये ज्याला ‘व्हाइट अल्बम’ म्हणतात तो, २०१९ मध्ये ‘अॅबी रोड’, २०२१ मध्ये ‘लेट इट बी’, २०२२ मध्ये ‘रिव्हॉल्व्हर’, अशा एकामागून एक डिलक्स आवृत्त्या निघाल्या. व्हाइट अल्बमच्या मोठ्या पेटीचाच हिशेब पाहा. मूळ गाणी ३०. पेटीत मात्र १०७ ध्वनिमुद्रणे, आणि सोबत १६४ पानांचे पुस्तक. वरची ७७ कसली? २७ आहेत ती घरी बसून केलेली कच्ची मुद्रणे, आणि ५० आहेत ती स्टुडिओतल्या कामाची, म्हणजे बहुतेक त्या काळी नापास ठरलेली.

कारखान्यात नापास झालेला जॉब भंगारात जातो, आणि पुष्कळदा कामगाराला त्याचा जाबही द्यावा लागतो. येथे मात्र तोच नापास माल मखमली पेटीत घालून, पास झालेल्या मालापेक्षा चढ्या भावाने विकला जातो, आणि गिऱ्हाईक तो आनंदाने घेते. गिऱ्हाइकाला आम्ही वेडे म्हणणार नाही. ते असे का करते, ते पाहू.

आधी विक्रेत्याची बाजू. जुन्या फिती बाहेर काढण्यामागे रसिकांचे प्रेम आहे, पैसा आहे, तसा कायदाही आहे. युरोपात ध्वनिमुद्रणावरचा हक्क पूर्वी ५० वर्षे टिके. २०११ मध्ये युरोपीय संघाने ही मुदत ७० वर्षांवर नेली, आणि ब्रिटनमध्ये ती १ नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाली. १९६२ सालची पहिली तबकडी त्याआधीच संरक्षणाबाहेर गेली होती; पुढची सारी आत राहिली. पण त्यात एक मेख होती. जे मुद्रण ५० वर्षांत प्रकाशितच झाले नाही, त्याला ही वाढीव मुदत नाही. ‘वापरा, नाही तर हक्क सोडा’ असा तो नियम. मग काय झाले? २०१३ च्या डिसेंबरात, वर्ष संपायला दोन आठवडे उरले असताना, बीटल्सची १९६३ सालची ५९ अप्रकाशित मुद्रणे एकाएकी इंटरनेटवर विक्रीला आली. बॉब डिलनच्या बाबतीत त्याच्या कंपनीने २०१२ मध्ये असल्या मुद्रणांच्या अवघ्या शंभरेक प्रती काढल्या आणि पोटशीर्षकातच स्वामित्वहक्काच्या मुदतवाढीचा उल्लेख करून टाकला. एवढा प्रांजळपणा व्यापारात क्वचितच दिसतो!

आता गिऱ्हाइकाची बाजू. पक्क्या तबकडीवर गाणे कसे ऐकू येते? जणू ते आभाळातून तयार होऊनच पडले. कच्च्या फितीवर ते घडताना ऐकू येते. ‘रिव्हॉल्व्हर’च्या पेटीत ‘एलेनॉर रिग्बी’ या गाण्याआधीचे संभाषण आहे. आठ तंतुवादक बसले आहेत. जॉर्ज मार्टिन हे त्यांचे निर्माते त्यांना विचारतात, स्वर कंपित ठेवून वाजवावे की सरळ? दोन्ही तऱ्हा वाजवून पाहिल्या जातात. ‘सार्जंट पेपर’च्या पेटीत जॉर्ज हॅरिसन भारतीय वादकांना चाल समजावून सांगताना ऐकू येतो. कोणी चुकतो, कोणी पुन्हा सुरुवात करतो. बंधूंनो, हा कामाचा आवाज आहे. ज्याने आयुष्यात कधी खाते पाहिले आहे, लेथवर पहिला तुकडा बसविताना होणारी बोलाचाली ऐकली आहे, त्याला तो तत्काळ ओळखू येतो. म्हणून या पेट्यांना आम्ही नुसता व्यापार म्हणत नाही. प्रतिभावंताच्या मागे किती हात राबतात, याचा असा पुरावा एरवी सहसा हाती लागत नाही.

पण पुरावा पुढे आला की हिशेबही पुढे आला पाहिजे. तो कसा होता?

चौघांना १९६२ च्या करारात मिळाली ती एका तबकडीमागे एक पेनी, आणि तीही चौघांत वाटून. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी त्यांनी एका दिवसात १० गाणी मुद्रित केली. त्या दिवशी वादकांच्या युनियनने ठरविलेल्या दराप्रमाणे तीन तासांच्या प्रत्येक सत्रामागे माणशी ७ पौंड १० शिलिंग पडले. होय, युनियनचा दर! जगाला वेड लावणारे हे तरुण त्या दिवशी युनियनच्या करारावर काम करीत होते, हे सांगताना आमची छाती थोडी फुगते. जॉर्ज मार्टिन तर कंपनीचे पगारी नोकर. लक्षावधी तबकड्या खपल्या, तरी त्यांना रॉयल्टी नव्हती. अखेर १९६५ मध्ये त्यांनी नोकरी सोडून स्वतःची संस्था काढली. एकच आवाज दुहेरी करण्याची युक्ती १९६६ मध्ये ज्यांनी शोधली, ते केन टाउनसेंडही स्टुडिओचे पगारी तंत्रज्ञच. ‘पेनी लेन’मधली ती उंच तुतारी वाजविणाऱ्या डेव्हिड मेसन यांना १९६७ मध्ये २७ पौंड १० शिलिंग मिळाले. ‘अ डे इन द लाइफ’साठी १० फेब्रुवारी १९६७ रोजी ४० वादक बसले, सर्वांचे मिळून ३६७ पौंड १० शिलिंग. त्या चौघांचे भाग्य पुढे उजळले, त्यांनी कंपनीशी झगडून आपले दर वाढवून घेतले. तुतारीवाल्याचा हिशेब मात्र त्याच संध्याकाळी संपला.

आता मुंबईकडे येऊ. कारण या पेटीत मुंबईही आहे. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईत आला आणि फोर्ट भागातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने आपल्याकडच्या वादकांना घेऊन एका चित्रपटाचे संगीत मुद्रित केले. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचे सारे वादन झाले. लंडनला वर केवळ गायन चढले. मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या पाठीमागच्या बाजूला निघाले. चित्रपटसंगीताच्या तबकडीवर सरोदवादक आशिष खान, संतूरवादक शिवकुमार शर्मा, बासरीवादक केंकरे अशी नावे छापली गेली. गाण्याच्या तबकडीवर वादकांना जागा नव्हती. २०१८ च्या पेटीत हेच गाणे गायनाशिवाय, केवळ वाद्यांचे म्हणून आले आहे. म्हणजे त्या नगात आता ऐकण्यासारखे जे आहे, ते सर्वस्वी मुंबईत बसलेल्या वादकांचे आहे!

नावांचीही एक गोष्ट आहे. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’वर तबलजी अनिल भागवत यांचे नाव छापले होते. पुढच्याच वर्षी ‘विदिन यू विदाउट यू’ या गाण्यात लंडनमधल्या भारतीय वादकांनी दिलरुबा, तंबोरा, तबला वाजविला; वेष्टनावर त्यांची नावे नव्हती. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कन्सारा, नटवर सोनी ही नावे लोकांसमोर यायला २०१७ साल उजाडावे लागले. नाव छापायला शाई किती लागते? पण तेवढ्यासाठी ५० वर्षे गेली.

यावर आक्षेप येईल, आणि तो आम्ही टाळणार नाही. वादकांनी दर मान्य केला होता, दर वाजवी होता, तबकडी बुडाली असती तर नुकसान कंपनीचे झाले असते. मग तक्रार कशाची? आक्षेपात तथ्य आहे. पण त्यांनी मजुरी घेतली ती कोणत्या मालाची? एका तबकडीची. त्याच बैठकीतला टाकून दिलेला तुकडा ५० वर्षांनी वेगळा माल म्हणून विकला जाईल, हे करार करताना ना कंपनीला ठाऊक होते ना वादकाला. जे सौद्यात नव्हतेच, त्याची किंमत सौद्यात फिटली, असे कसे म्हणावे?

येथे आम्हांला आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या एका सभासदाने ड्रिलिंगसाठी एक जिग स्वतःच्या डोक्याने बनविली. काम निम्म्या वेळात होऊ लागले. व्यवस्थापनाने त्याला शाल आणि नारळ दिला. आम्ही त्या समारंभाला हजर होतो, टाळ्या वाजविल्या, फोटोत उभे राहिलो. पुढे तीच जिग कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात गेली आणि उत्पादनाचे नवे प्रमाण तिच्यावर बांधले गेले. त्या माणसाला वर काही मिळाले नाही, आणि आम्ही ते मागितलेही नाही. दिवसाची मजुरी चुकती झाली की हिशेब पुरा, अशी आमचीही समजूत होती. मालकाची समजूत आम्ही आमच्याच डोक्यात बाळगून होतो. या पेट्यांचा विचार करताना तो समारंभ आम्हांला वारंवार आठवतो.

हिशेब पुन्हा मांडता येतो, याची उदाहरणे आहेत. पिंक फ्लॉइड या दुसऱ्या चौकडीच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’मध्ये क्लेअर टॉरी या गायिकेने १९७३ मध्ये ३० पौंडांवर एक शब्दहीन आलाप केला. ३१ वर्षांनी तिने दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली, आणि त्यापुढच्या आवृत्त्यांवर त्या आलापाची रचनाकार म्हणून तिचे नाव आले. युरोपच्या ज्या कायद्याने कंपन्यांना २० वर्षे वाढवून दिली, त्यानेच एक अटही घातली: पन्नासाव्या वर्षानंतरच्या उत्पन्नातून २० टक्के रक्कम, एकरकमी मोबदल्यावर राबलेल्या वादकांसाठी दरवर्षी बाजूला काढायची. आपल्याकडे लता मंगेशकरांनी गायकांच्या रॉयल्टीचा प्रश्न १९६० च्या दशकात लावून धरला. कायद्यात कलावंताला व्यावसायिक वापरातला वाटा मिळाला तो २०१२ च्या दुरुस्तीने. उशीर पुष्कळ झाला. पण एकदा बंद झालेली वही कायमची बंद, हे म्हणणे कायद्यानेच खोटे ठरविले.

हा प्रश्न जुन्या फितींपुरताही राहिलेला नाही. ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेळी एकाच पट्टीवर मिसळून गेलेली वाद्ये २०२२ मध्ये संगणकाने वेगवेगळी केली. जॉन लेननने १९७० च्या दशकाच्या अखेरीस घरी पियानोवर गाऊन ठेवलेली एक कॅसेट होती. तिच्यावर १९९५ मध्ये काम सुरू करून सोडून द्यावे लागले होते. तिच्यातला आवाज याच विद्येने पियानोपासून सोडविला आणि २ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘नाउ अँड देन’ हे गाणे निघाले. त्यासाठी अमेरिकेत नव्याने तंतुवादक बसविले. हे बीटल्सचे गाणे आहे, हे त्या वादकांना सांगितलेलेच नव्हते! गुप्ततेचे कारण आम्ही समजू शकतो. पण आपण कोणत्या मालावर हात चालवतो आहोत हे १९६७ च्या वादकाला निदान ठाऊक होते. ‘नाउ अँड देन’च्या वादकाला तेही नव्हते. मग त्याने दर कशाच्या आधारावर ठरवावा?

उद्या आपल्या कारखान्यातही कुशल कामगाराच्या हाताची हालचाल टिपून यंत्राला शिकवतील. कार्यालयातल्या कारकुनाचे टिपण, शिक्षकाचा तास, परिचारिकेची नोंद, हे सारे साठवून ठेवले जाईल आणि केव्हा तरी पेटीत घालून विकले जाईल. त्या वेळी शाल आणि नारळ घेऊन टाळ्या वाजवू नका. तीन गोष्टी लिहून मागा: कामावर आमचे नाव राहील, आमचे काम कशासाठी वापरले जाणार ते आधी सांगाल, आणि जितक्यांदा विकाल तितक्यांदा आमचा वाटा धराल.

ज्यांना ही गाणी आवडतात त्यांनी त्या पेट्या खुशाल घ्याव्या आणि प्रेमाने ऐकाव्या. फक्त ऐकताना सोबतचे पुस्तक उघडून वादकांची नावे शोधावी. आमचा तो सभासद आता सेवानिवृत्त आहे. त्याच्या जिगचा नमुना आजही कुठे तरी चालत असेल, पण तिच्यावर त्याचे नाव नाही. ते आम्हीच मागायला हवे होते. आपण ती चूक करू नये, एवढ्यासाठीच आज आपला वेळ घेतला.