मत्स्यालयाचा पंप निवडताना

मत्स्यालयाच्या टाकीखाली कपाटात दुसरी टाकी दडलेली असते, तिचं नाव संप. हरताळाशी तिचा काही संबंध नाही! वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून आपसूक खाली येतं, गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. पंप जितका दांडगा तितका बरा, असं नवख्या हौशी माणसाला वाटतं. पण उतरणाऱ्या नळीला जोर असतो फक्त गुरुत्वाकर्षणाचा. तिला पेलवेल त्याहून जास्त पाणी चढलं, की ते थेट फरशीवर.

खोक्यावरचा आकडाही फसवा. ‘ताशी ३००० लिटर’ हे माप पाणी उंच न चढवता घेतलेलं असतं. दीड मीटर चढ आणि दोन-तीन एल्बो आले, की प्रवाह निम्म्यावरही येतो. २७० लिटरच्या टाकीला ताशी पाचपट, म्हणजे १३५० लिटर, सहसा पुरतात.

खरी परीक्षा वीज गेल्यावर.

पंप थांबतो, पण परतीच्या नळीचं तोंड पाण्यात बुडालेलं असलं तर पाणी उलटं खाली ओढलं जातं. १२० बाय ४५ सेंटिमीटरच्या टाकीत पातळी ३ सेंटिमीटर उतरली, तरी १६ लिटर पाणी संपमध्ये येतं. तेवढी जागा तिथे रिकामी हवीच. नळीला पातळीलगत बारीक भोक पाडलं, की हवा शिरून ही ओढ तुटते. मात्र शेवाळाने ते बुजतं, म्हणून अधूनमधून काडीने मोकळं करावं लागतं.